चाकाची उंची

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें भिगवण मागें टाकलें, कीं इंदापूर तालुक्याचा मोकळा मुलूख लागतो. डाव्या हातास उजनीच्या जलाशयाचें पाणी, उजव्या हातास मुरमाड माळ, आणि मधूनमधून उंसाचे हिरवे पट्टे. या रस्त्यावरून आज ज्या मोटारी धांवतात त्यांपैकीं कित्येकींचीं चाकें कारखान्यानें दिलेलीं नसतात. बारामतीचा किंवा इंदापूरचा एखादा हौशी तरुण नवी गाडी घेतो, तिचीं मूळचीं चाकें उतरवून ठेवतो आणि त्यांच्या जागीं एकदोन इंच मोठीं, झळझळीत मॅगव्हील बसवून घेतो. हें वेड आपल्याच काळाचें आहे असें त्याला वाटत असावें. परंतु याच तालुक्यांत, याच रस्त्याच्या कडेला, जवळजवळ एकशें नव्वद वर्षांपूर्वीं लहान चाक टाकून मोठें चाक बसविण्याचा एक फार मोठा उद्योग झाला होता. त्या उद्योगांत हौसेचा अंशहि नव्हता. ओसाड पडलेला तालुका पुन्हां नांदता कसा करावयाचा, हा त्यामागचा प्रश्न होता.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि इंदापूर परगणा कंपनी सरकारच्या हातीं आला. जमिनीचा सारा किती घ्यावा हें ठरविण्यासाठीं प्रिंगल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्यांत मोजणी चालविली आणि १८३० सालीं तिचे दर लागू झाले. प्रिंगल विद्वान होता. शेताचें उत्पन्न किती, त्यांतून खर्च वजा जातां निव्वळ नफा किती, आणि त्या नफ्यांत सरकारचा वांटा किती, असा त्याचा हिशेब कागदावर मोठा सुरेख होता. पण ज्या आंकड्यांवर तो उभा होता ते आंकडेच खोटे निघाले. त्यांतच पाऊस दगा देऊं लागला आणि धान्याचे भाव कोसळले. सारा भरतां येईना म्हणून कुळें रातोरात गांव सोडून निजामच्या हद्दींत जाऊं लागलीं. इंदापुरांत पिकाऊ जमिनीचा फार मोठा भाग पडीक पडला.

येथें एक गोष्ट विसरली जाते. भाव कोसळले ते केवळ धान्य उदंड पिकलें म्हणून नव्हे. ज्या वर्षीं ज्वारी भरपूर होई त्या वर्षीं ती तालुक्याबाहेर नेण्याचें साधनच नव्हतें. पुण्याच्या पेठेंत भाव चढा असला तरी इंदापूरच्या कुळाला त्याचा उपयोग नव्हता. कारण मधल्या वाटेवर त्याचें धान्य वाहणार कोण? तीं पोतीं वाहत लमाणांचे आणि वंजाऱ्यांचे तांडे. शेंकडों बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोहों बाजूंस लोंबणाऱ्या गोण्या, रोजची मजल चारपांच कोसांची. तांडा येईल तेव्हां येईल आणि देईल तो भाव देईल. शिवाय जो बैल पाठीवर एक ओझें वाहतो तोच बैल चांगल्या गाडीला जुंपला असतां त्याच्या कित्येक पट ओझें ओढतो, हें काय शेतकऱ्याला ठाऊक नव्हतें? ठाऊक होतें, पण त्याच्यापाशीं चांगली गाडी नव्हती.

जी होती ती गाडी नव्हे, गाडाच. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत या गाड्यांचें जें वर्णन आलें आहे तें वाचून आजचा वाचक चकित होतो. त्यांचीं चाकें म्हणजे दगडाच्या चकत्या असत. कोठें लांकडाच्या ओंडक्याचीं भरीव चाकें असत. आरे नाहींत, धांव नाहीं. चाक ठेंगणें, साटा अवजड, आणि कणा लांकडाचा. शेतांत खत नेणें आणि सुगींत कणसें खळ्यावर आणणें, एवढेंच त्याचें काम. एका घराला तो परवडत नसे. भाऊबंदांत मिळून एक गाडा असे आणि तो हलविण्यासाठीं सर्वांच्या बैलांच्या जोड्या एकापुढें एक जुंपाव्या लागत. असा गाडा घेऊन पुण्याची पेठ गांठणें कोणाच्या स्वप्नांतहि येत नसे. १८३० च्या नोव्हेंबरांत बोरघाटाचा नवा रस्ता मुंबईच्या गव्हर्नरानें, सर जॉन माल्कमनें, खुला केला आणि पुण्याहून घाटाखालीं चाकांची वाट झाली. पण रस्ता झाला तरी त्यावर चालवावयास चाक हवें ना!

१८३५ सालीं गोल्डस्मिड हा अधिकारी इंदापुरांत आला. त्याच्या जोडीला विंगेट आणि नॅश हे लष्करी इंजिनिअर होते. त्यांनीं प्रिंगलच्या नफ्याच्या हिशेबाचा नाद सोडला. जमिनीचा रंग आणि मातीची खोली पाहून तिची प्रत लावावयाची, सारा हलका ठेवावयाचा आणि तो तीस वर्षें वाढवावयाचा नाहीं, अशी त्यांची रीत. १८३६ सालीं ती प्रथम इंदापुरांत लागू झाली आणि पुढें साऱ्या मुंबई इलाख्यांत पसरली. महाराष्ट्राच्या सातबाऱ्याच्या मुळाशीं जी मोजणी आहे तिचा उगम असा या कोरड्या तालुक्यांत आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून हें सर्व येतें. पण त्याच मोजणी खात्यांतल्या गेसफर्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें जें केलें त्याला त्या पुस्तकांत फारशी जागा मिळत नाहीं, आणि हा त्याच्यावर थोडा अन्यायच म्हटला पाहिजे. सारा कमी केला तरी माल विकल्याखेरीज कुळाच्या हातीं रोकड येणार नाहीं, आणि गाडीखेरीज माल विकला जाणार नाहीं, हें या माणसानें ओळखलें. शेतकऱ्याला पेलेल अशी, एका जोडीनें ओढतां येईल अशी, उंच व आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी तयार करवून घ्यावयाची असें त्यानें मनावर घेतलें आणि त्यासाठीं टेंभुर्णीस एक कारखाना घातला. टेंभुर्णी हें गांव इंदापूरच्या पुढें भीमा ओलांडली कीं त्याच सोलापूर रस्त्यावर, माढें तालुक्यांत आहे. साल सुमारें १८३६ चेंच.

आतां चाक उंच केल्यानें असें काय साधतें, हें थोडें उकलून पाहिलें पाहिजे. गाडी ओढतांना बैलाला दोन वैऱ्यांशीं झगडावें लागतें. एक वैरी चाकाच्या पोटांत असतो आणि दुसरा वाटेवर. पोटांतला वैरी म्हणजे तुंबा आणि आंस यांचें घर्षण. आंस जितका बारीक आणि चाक जितकें मोठें, तितकी त्या घर्षणावर बैलाची सरशी अधिक; कारण चाक ही एक फिरती तरफच आहे. उदाहरणादाखल, अडीच फूट उंचीचें चाक पांच इंच जाडीच्या लांकडी कण्यावर फिरत असेल तर ही सरशी सहापट होते. पांच फुटी चाक दोन इंची लोखंडी आंसावर फिरवा, तीच तीसपट होते. शिवाय वंगण दिलेलें लोखंड लांकडापेक्षां कमी घांसतें तें निराळेंच.

वाटेवरचा वैरी म्हणजे खांचखळगा आणि धोंडा. समजा, वाटेंत चार इंच उंचीचा एक धोंडा आडवा आला. अडीच फुटी चाकाला त्यावर चढावयाचें असेल तर चाकावर जितका भार आहे त्याच्या नऊदशांशांहून थोडा अधिक जोर बैलाला आडवा लावावा लागतो. म्हणजे जवळजवळ सारा भार उचलल्यासारखेंच झालें. पांच फुटी चाक तोच धोंडा सहादशांशांहून कमी जोरांत चढून जातें. हा हिशेब शाळेंतल्या भूमितीचा आहे. मऊ किंवा खडबडीत जमिनीवर चाक लोळतांना जो अडथळा होतो त्याचा हिशेब मात्र इतका सोपा नाहीं. गंमत अशी, कीं टेंभुर्णीस गाड्या घडत होत्या त्याच सुमारास फ्रान्समध्यें मोरँ आणि द्युपुई हे दोन इंजिनिअर याच प्रश्नावर भांडत होते. चाकाची उंची दुप्पट केली तर अडथळा निम्मा होतो असें मोरँचें म्हणणें. इतका लाभ होत नाहीं, तो व्यासाच्या वर्गमुळाच्याच मानानें होतो, असें द्युपुईचें म्हणणें. चाक मोठें असावें याविषयीं मात्र दोघांचें दुमत नव्हतें.

मग चाक आणखी उंच, सहासात फुटी कां करूं नये? कारण बैलाचा खांदा तेवढा उंच नसतो. आंस खांद्याच्या वर गेला तर बैलाचा जोर पुढें ओढण्याऐवजीं गाडी खालीं दाबण्यांत जातो. शिवाय साटा उंच गेला कीं ओढ्याच्या उतारावर गाडी कलंडते, आणि चाकाचें स्वतःचेंच वजन वाढतें तें वेगळें. साडेचारपांच फूट हें जें देशावरच्या गाडीचें माप ठरलें, तें कोणी पुस्तकांत पाहून ठरविलेलें नाहीं. बैलाच्या खांद्यानेंच तें ठरविलें.

टेंभुर्णीच्या कारखान्याला आरंभीं बऱ्याच अडचणी आल्या. गांवचा सुतार नांगर, पाभर, मोट यांत हुशार. पण बारा आरे एका तुंब्यांत अशा कोनांत ठोकावयाचे कीं भार आला असतां एकहि ढिला पडूं नये, हें काम त्याच्या हातचें नव्हतें. लांकूड सुकवून मुरवावें लागे. ओल्या बाभळीचें चाक केलें तर पहिल्याच उन्हाळ्यांत तें खिळखिळें होई. लोहाराचें काम तर याहून नाजूक. लोखंडाची धांव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करावयाची, गोवऱ्यांच्या आगींत लाल होईपर्यंत तापवावयाची, तापून ती फुगली कीं चिमट्यांनीं उचलून चाकावर चढवावयाची आणि लगेच पाण्याच्या घागरी ओतावयाच्या. धूर आणि वाफ यांच्या लोटांत ती धांव आक्रसते आणि पाटे, आरे, तुंबा यांना अशी आवळून धरते, कीं खिळ्याचीहि गरज पडूं नये. बोटाच्या पेराएवढी चूक झाली तरी धांव एकतर चढत नाहीं, नाहींतर चाक मोडते. ही विद्या कारखान्यांत शिकलेले कारागीर पुढें आपापल्या गांवीं घेऊन गेले. गाडीची किंमत पहिल्यानें कुळाला भारी वाटे. पण एका शेजाऱ्यानें एका जोडीवर आपली ज्वारी पेठेंत नेऊन रोकड आणली, हें पाहिल्यावर दुसऱ्याला समजावून सांगावें लागलें नाहीं.

तीस वर्षांची मुदत भरल्यावर १८६७ च्या सुमारास इंदापूरची फेरमोजणी झाली. त्या वेळीं अधिकाऱ्यांना आढळलें, कीं पडीक जमीन जवळजवळ उरलेली नाहीं आणि तालुक्यांतील गाड्यांची संख्या कित्येक पटींनीं वाढली आहे. हें सारें केवळ चाकाचें यश म्हणतां येणार नाहीं. हलका सारा, नवे रस्ते आणि चढे भाव यांचाहि त्यांत वांटा होता. मधल्या काळांत आगगाडीहि आली होती. १८५८ च्या १५ डिसेंबरास पुण्यापासून दिकसळपर्यंत लोहमार्ग खुला झाला आणि भीमेकांठचें तें खेडें कांहीं महिने लोहमार्गाचें टोंक होऊन बसलें. पुढच्या वर्षीं मार्ग बार्शी रोडपर्यंत गेला. आगगाडीनें गाडीवानाचा लांब पल्ल्याचा धंदा बुडविला. पण गांवापासून ठेसनापर्यंतचा नवा धंदा त्याला मिळाला. आणि १८६१ पासून अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हां तर ज्याच्यापाशीं बैल आणि गाडी त्याचीच चैन झाली.

ती चैन टिकली नाहीं. युद्ध संपलें, भाव उतरले, आणि नेमक्या त्याच वेळीं फेरमोजणीनें सारा वाढला. तेजीच्या दिवसांत सावकारानें खुशीनें दिलेलें कर्ज आतां फांस होऊन बसलें. जी गाडी कुळाला पेठेपर्यंत घेऊन गेली होती तिच्यावर आतां जप्तीची नजर पडूं लागली. १८७५ च्या १२ मे रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोकांनीं सावकारांचीं घरें व दुकानें फोडून त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तो दंगा बारामतीपासून कांहीं कोसांवरच झाला. आणि पुढच्याच वर्षीं दुष्काळ आला. १८७६-७७ च्या त्या दुष्काळांत चाऱ्यावांचून बैल मेले. कित्येक कुटुंबें उरलेलीं गुरें घेऊन देशांतरास गेलीं. बैल नसले म्हणजे उंच चाकाची गाडी आणि दगडी चाकाचा गाडा यांत कांहींच फरक राहत नाहीं.

त्या दुष्काळाच्या कामांतूनच नीरेचा डावा कालवा निघाला आणि १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी बारामतीच्या आणि पुढें इंदापूरच्या शिवारांत खेळूं लागलें. पाण्याबरोबर ऊंस आला आणि उंसाबरोबर गाडीला वर्षानुवर्षांचें काम मिळालें. गुऱ्हाळाकडे ऊंस, गुऱ्हाळापासून पेठेला गूळ, परतीच्या वाटेनें पेंड आणि खत. १९१४ सालीं दौंड-बारामती ही अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली, आणि बारामतीच्या ठेसनावर गुळाच्या ढेपा उतरविणाऱ्या गाड्यांची रीघ लागूं लागली. १९२८ सालीं भाटघरचें नवें धरण पुरें झालें. १९३२ सालीं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि पाठोपाठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांतील कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला. तेंच आजचें वालचंदनगर.

आणि येथें उंच चाकाचा दुसरा गुण लोकांच्या ध्यानांत आला. अवगुण म्हणावयास हवा. लोखंडी धांव दोनअडीच इंच रुंद. तिच्यावर उंसाचा भार चढला म्हणजे ती रस्त्याला सुरीसारखी कापते. खडी घातलेला रस्ता एका गळिताच्या हंगामांत दोन खोल चाकोऱ्यांचा होऊन जाई. मागाहून येणारी प्रत्येक गाडी त्याच चाकोरींत उतरे आणि ती आणखी खोल करी. १९३४ सालीं हिंदुस्थानांत रस्ते-इंजिनिअरांची परिषद स्थापन झाली, तेव्हांपासून बैलगाडीची लोखंडी धांव हा तिच्या चर्चेचा कायमचा विषय होऊन राहिला. शेतकऱ्याची बाजू साधी होती: रस्ता सरकारचा, गाडी माझी, धांव रुंद केली तर वजन वाढतें आणि तें ओढतो माझा बैल. त्याला उत्तर देणें सोपें नव्हतें.

उत्तर निघालें तें हवेंत! रबराच्या नळींत हवा कोंडून तिच्यावर गाडी चालवावी ही कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉच इंजिनिअरानें १८४५ सालींच पेटंट केली होती. पण ती विसरली गेली, आणि १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं ती पुन्हां शोधून काढली. डनलॉप हा धंद्यानें जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या टायराखालीं पुढें लक्षावधि बैलांचे खांदे हलके व्हावयाचे होते, हें त्याला ठाऊक असतें तर त्याला संतोष वाटला असता. त्याच्या नांवाच्या कंपनीनें १९३६ सालीं बंगालमध्यें सहागंज येथें टायरांचा कारखाना काढला आणि पुढें बैलगाडीसाठीं खास टायर विकावयास आणले. १९५० नंतर माळेगांव, भवानीनगर आणि त्यांच्या मागोमाग सोमेश्वरनगर येथें सहकारी साखर कारखाने निघाले, तेव्हां त्यांच्या वजनकाट्यांपुढें टायरगाड्यांच्या रांगा दिसूं लागल्या.

या गाडीचें चाक उंच नाहीं. एकोणीस इंची कडें आणि त्यावरचें टायर मिळून तें जेमतेम पावणेतीन फूट भरतें. म्हणजे उंचीच्या मापानें पाहूं गेल्यास गेसफर्डनें ज्या ठेंगण्या चाकाची हकालपट्टी केली त्याच्याच जवळपास आपण परत आलों. तरीहि टायरगाडी लांकडी गाडीहून जड भार सहज नेते. कारण दोन्ही वैऱ्यांना आतां दुसऱ्या शस्त्रांनीं जिंकलें आहे. तुंब्यांत छऱ्यांचें बेअरिंग आलें, त्यामुळें आंसाचें घर्षण जवळजवळ नाहींसें झालें. आणि धोंड्यावर चढण्याऐवजीं टायर त्याला आपल्या पोटांत घेऊन पुढें जातें. चाक दबतें, गाडी उचलली जात नाहीं. रस्त्यावर भार रुंद पसरतो, म्हणून चाकोरीहि पडत नाहीं.

पण बैलाचा भार हलका झाला काय? टायरगाडीनें तेंच ओझें कमी कष्टांत जाऊं लागलें, तशी गाडीवर मोळ्यांची चळत चढूं लागली. ऊंसतोडीची मजुरी टनावर असल्यामुळें बीड-नगरकडून येणारा तोडकरी गाडीच्या बळावर नव्हे, बैलाच्या बळाच्या शेवटच्या टोंकावर ऊंस भरतो. त्याला दोष देणें सोपें आहे. त्याच्या हिशेबाची वही पाहिली म्हणजे तें तितकें सोपें राहत नाहीं. बंगलोरचे प्राध्यापक एन. एस. रामस्वामी यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला. चाकाबरोबर जूंहि सुधारा, त्यानें बैलाचें मानगूट सोलतें, असें ते सांगत राहिले. चाक शंभर वर्षांत दोनदां बदललें. जूं मात्र जवळजवळ तसेंच राहिलें.

आतां पुन्हां त्या हौशी तरुणाच्या मोटारीकडे वळावयास हरकत नाहीं. गाडीला मोठें चाक लाभतें म्हणून मोटारीलाहि लाभेल, असें मानण्यांत एक घोटाळा आहे. बैलगाडीचें चाक ओढलें जातें; मोटारीचें चाक गाडीला ढकलतें. ओढल्या जाणाऱ्या चाकाची उंची ही ओढणाऱ्याच्या बाजूची तरफ. ढकलणाऱ्या चाकाची उंची ही इंजिनाच्या विरुद्ध बाजूची तरफ. चाक मोठें झालें कीं एका फेऱ्यांत अधिक अंतर जातें, म्हणून चढावर इंजिनाला दम लागतो आणि ब्रेकला अधिक जोर लावावा लागतो. वेग दाखविणारा कांटा फेरेच मोजतो; त्यामुळें व्यास पांच टक्क्यांनीं वाढला तर कांट्यावर ऐंशी दिसत असतां गाडी चौऱ्यांशीच्या वेगानें धांवत असते. म्हणून जाणते कारागीर कडें मोठें घेतात आणि टायराची जाडी तेवढीच कमी करून बाहेरचा व्यास पहिलाच राखतात. मग मधली हवेची गादी पातळ होते आणि खड्ड्यांत पडल्यावर कड्यालाच मार बसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मूळ घडणींत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई केली आहे, ती याच जातीच्या धोक्यांसाठीं.

टेंभुर्णीच्या गाड्यांचे वंशज आतां शेतांत क्वचित् दिसतात. सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या धाब्याच्या दाराशीं पांच फुटी लांकडी चाक पिवळा-तांबडा रंग देऊन भिंतीला टेकून उभें केलेलें असतें. रंगाखालीं बाभळीचे आरे अजून घट्ट असतात, आणि धांव काढावयाची म्हटली तर ती आजहि पुन्हां तापविल्यावांचून निघणार नाहीं.